नाथाजींची हत्यारं सुट्टीवर

मलकापूरच्या नाथाजींच्या फियाटच्या डिकीत बॅग ठेवायला जागा नव्हती, कारण तिथं दुसरी फियाट होती. ही दुसरी सुट्या भागांची होती आणि हिरव्या रंगाच्या लोखंडी पेटीत राहत होती, एवढाच फरक.

नाथाजी फौजेच्या वर्कशॉपात बावीस वर्षं मेकॅनिक होते. हवालदार होऊन घरी आले ते दोन गोष्टी घेऊन. एक पेन्शन आणि दुसरी ही खात्री, की गाडी थांबणारच. कुठं थांबणार एवढंच कुणाला ठाऊक नसतं. परत आल्यावर त्यांनी कराडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची डुक्कर फियाट घेतली आणि त्या दिवसापासून ती थांबण्याची तयारी सुरू केली. पाने, पकडी, चार प्लग, दोन फॅनबेल्ट, काँडेन्सर, रेडिएटरचा होज, फ्यूज, बल्ब, वायरीची भेंडोळी, पायानं हवा भरायचा पंप, टोचन करायचा दोर. जॅक दोन होते. दुसरा कशाला, असं कुणी विचारलं तर नाथाजी शांतपणे विचारत, "पैला अडाकला तर?" शिवाय कपडे धुवायच्या साबणाची एक वडी होती. पेट्रोलची टाकी ठिबकायला लागली तर त्या जागी साबण चोळून दाबून बसवायचा, गाडी घरापर्यंत येते. एकदा राहीबाईंनी वाटेत भाकरी खाल्ल्यावर त्या वडीनं हात धुतले. त्यांच्या संसारात त्यानंतर आठ दिवस जे वातावरण होतं त्याला दुसरं महायुद्ध म्हणता आलं असतं, पण बोलत एकटे नाथाजीच होते.

राहीबाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं त्या पुढच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन बसल्या. डिकीत जागा नाही हे त्यांनी नवऱ्याच्या स्वभावासारखंच मान्य करून टाकलं होतं.

पण आता नाथाजी त्र्याहत्तर वर्षांचे झाले होते. गाडीखाली शिरायला त्यांना एक मिनिट लागे आणि बाहेर यायला राहीबाई लागत. पाय धरून त्या ओढायच्या. कंबर, मान, उजवा खांदा, सगळे आळीपाळीनं रजेचे अर्ज टाकत होते. नाथाजी कुणालाच रजा देत नव्हते. गावातल्या पोरांनी फियाटीबरोबर फोटो काढले की ते म्हणत, "मी हाय तवर ही हाय." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या जणांसमोर म्हटलं होतं, की आता ते परत कसं घ्यायचं हे त्यांना कळत नव्हतं. खरं सांगायचं तर नाथाजी दमले होते. पण दमलो असं म्हणायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती.

त्यात या दसऱ्यासाठी मुलगा शिवतेज पुण्याहून आला तो बातमी घेऊन. तिकडच्या एका हॉटेलवाल्याला दारात उभी करायला जुनी गाडी हवी होती. नुसती उभी करायची, वर लायटिंग सोडायचं. घरात दोन दिवस वादावादी झाली. शेवटी शिवतेजनं एक अट घातली. दरवर्षी आप्पा दसऱ्याला जत तालुक्यात बिरदेवकाकांकडं जातात, तसं यंदाही जावं. गाडी जाऊन आली आणि वाटेत एकदाही बंद पडली नाही, तर हॉटेलवाल्याचं नावसुद्धा काढणार नाही. बंद पडली, तर दसऱ्याच्या दिवशी ट्रक येईल आणि गाडी पुण्याला जाईल. साक्षीदार आई. ट्रक दसऱ्याला येणार म्हणजे जतला जायचं ते आदल्या दिवशी, नवमीला. नाथाजींनी टेबलावर हात आपटून मंजूर म्हटलं आणि मग बराच वेळ तो हात चोळत बसले.

आता आदला दिवस म्हणजे खंडेनवमी, हे त्या घरात एकालाही खटकलं नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. कोयता, विळा, कुदळ, घरातली विळी, सगळं धुऊन पुसून देवापुढं मांडायचं. त्या दिवशी लोखंडाला काम नाही. दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत पूजेतलं हत्यार उचलायचं नाही. नाथाजींच्या घरी ही पूजा वर्कशॉपातल्यासारखी व्हायची. आदल्या संध्याकाळी पेटी रिकामी करायची, एकेक पाना रॉकेलनं पुसायचा, घोंगड्यावर नंबरवार रांग लावायची. सकाळी राहीबाई प्रत्येकाला हळदकुंकू लावत, झेंडूचं एकेक फूल ठेवत. त्यातले दोन जॅक तर जोडप्यासारखे दिसत. आजवर त्या दिवशी फियाट हार घालून दारात उभी असायची, म्हणून कधी प्रश्न आला नव्हता. यंदा पूजा झाली, नैवेद्य झाला, फियाटीला हार झाला आणि दोघं निघाली. रिकामी पेटी डिकीतच होती. कुलूपही लावलेलं होतं. नाथाजींनी सवयीनं कुलूप ओढून पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं.

कडेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता आणि गाडी अशी पळत होती की नाथाजींना बोलल्यावाचून राहवेना. विट्याच्या चढाला त्यांनी गिअर न बदलता गाडी वर नेली. कार्बोरेटर आपण कसा बसवला, आजकालच्या पोरांना कान नाहीत, गाडी कानानं बसवायची असते, असं बरंच त्यांनी सांगितलं. राहीबाई म्हणाल्या, मागं बूड हलकं लागतंय. नाथाजी म्हणाले, ट्यूनिंगचा गुण. साठ-सत्तर किलो लोखंड घरी झेंडूची फुलं डोक्यावर घेऊन बसलंय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

नागज फाटा मागं पडला, हिरवा रंग संपला आणि माळ सुरू झाला. जतकडं पाच-सहा मैल गेल्यावर फियाट दोनदा ठसकली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प झाली.

नाथाजींनी डोळे मिटून चावी फिरवली, ऐकलं आणि निदान केलं. ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट चिकटलेत. एक स्क्रू ढिला करायचा, पॉलिश पेपर फिरवायचा, परत आवळायचा. पाच मिनिटं. शिवतेजला कळायच्या आत गाडी चालू. ते बाह्या सारत मागं गेले, डिकी उघडली, पेटी उचलली आणि जवळजवळ मागं पडले, कारण पेटी एका हातात आली.

पेटीत गेल्या वर्षीचं वर्तमानपत्र होतं. नाथाजींनी ते उचलून खाली पाहिलं. मग उगाच पुन्हा उचलून पाहिलं.

रुपयाचं नाणं त्या स्क्रूच्या खाचेपर्यंत पोचेना. राहीबाईंच्या केसातला आकडा वाकला. एरवी बॅगेत असणारी सुरीही घरी पूजेत होती, नाहीतर ती चालली असती. पाठीमागच्या वस्तीत लालासाहेब नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. नाथाजी उन्हातून अर्धा मैल चालत गेले. शटर उघडं होतं, लालासाहेब नवा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसला होता आणि आत टेबलावर त्याची सगळी हत्यारं गुलाल लावून झोपली होती. नाथाजींनी एक डिसमिस मागितला, नुसता स्क्रू फिरवण्यापुरता. लालासाहेबानं त्यांना पाणी दिलं, पेढा दिला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, उद्या सोनं वाटलं की पयलं काम तुमचं. नाथाजींनी आग्रह केला नाही. आपल्या दारात कुणी आलं असतं तर आपणही हेच केलं असतं, हे त्यांना माहीत होतं. ते पेढा खात परत आले.

गाडीजवळ दादासो नावाचा एक मेंढपाळ मेंढरं घेऊन थांबला होता. राहीबाईंनी त्याच्याकडं लोकर कातरायची कातर मागून पाहिली होती. तीपण देवाजवळ होती. त्याच्याकडं एक काठी आणि एक मोबाइल होता. काठीचा उपयोग नव्हता.

नाथाजी मैलाच्या दगडावर बसले. पाय पसरले. आज या मुलखातल्या प्रत्येक लोखंडाच्या तुकड्याला सुट्टी होती. कुदळीला होती, ट्रॅक्टरला होती, लालासाहेबाच्या डिसमिसला होती. वर्षातून एक दिवस सगळ्यांना हळदकुंकू लावून, आज काही करू नका म्हणून सांगतात. आपल्याला असं कोण कधी म्हणालं, याचा ते विचार करायला लागले आणि कुणाचंच नाव आठवेना.

तेवढ्यात राहीबाईंचा फोन वाजला. शिवतेज. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. उन्हानं काळवंडलेला चेहरा, गुडघ्यावर तेलकट हात, दगडावर आक्रसून बसलेलं ते एवढंसं अंग.

"न्हाई रं, थांबतीय कशाला," राहीबाई म्हणाल्या. "चाललीय की झाक. आवाज येईना तो उतार लागलाय म्हणून." आणि फोन बंद करून त्यांनी तो बॅगेत खाली खोल घातला, जणू तो उठून परत काही विचारेल.

मेंढरांच्या मागं उभा असलेला दादासो त्या सपाट माळाकडं बघत राहिला.

"खोटं कशाला बोललीस?" नाथाजींनी विचारलं.

"तुमचं त्वांड बघवंना. गाडी गेली तर तुमी ऱ्हायचा न्हाई, वाटलं."

खाली वाकून नाथाजींनी चपलेतला खडा काढला, तो नीट बघितला आणि बाजूला ठेवला.

"मी दमलोय," ते म्हणाले.

"कवापास्नं?"

"झाली चार-पाच वर्सं."

राहीबाईंनी बॅग खाली ठेवली. "मग बोलायचं न्हाई व्हय? आवं, चार-पाच वर्सं तुमाला पाय धरून वढून काढतीय, तुमची हौस हाय म्हणून. माझी कंबार काय फौजेतनं आलीय?"

नाथाजी हसले. हसताना बरगडी दुखली म्हणून अर्ध्यात थांबले. मग हात पुढं केला. राहीबाईंनी बॅगेतून फोन शोधून दिला. नाथाजींनी शिवतेजला सांगितलं, थांबलीय, आईचं ऐकू नको. शिवतेजला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही फोनवरून ऐकू आला नाही. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "आप्पा, दुरुस्त व्हईल का?"

"पाच मिंटाचं काम हाय," नाथाजी म्हणाले. "पर मला करायचं न्हाई."

एवढं बोलल्यावर त्यांना हलकं वाटलं असेल असं कुणी समजू नये. फक्त अंगात जे होतं ते सगळं एकदम जाणवायला लागलं, पावलांपासून मानेपर्यंत. तरी सवय सुटते थोडीच. उद्या ट्रकवाल्यानं इथंच यावं म्हणून त्यांनी मैलाचा आकडा सांगितला. पुढच्या बंपरला दोर बांधायचा नाही, हँडब्रेक धरत नाही, मागच्या चाकाला दगड लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे सगळं सांगितलं आणि शिवतेजकडून पुन्हा म्हणवून घेतलं. बिरदेवला फोन केला तर तो ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणाला. मग त्याला आठवलं, ट्रॅक्टरलाही हार घातलाय. वडापच्या जीपनं या, जतला फाट्यावर उभा ऱ्हातो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दादासो म्हणाला, मेंढरं इथंच बसवायची हैत आज, गाडीकडं बी बघतो. नाथाजींनी चावी त्याच्या हातात दिली. बॉनेटवर एकदा थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी, आणि मागं वळून न बघता रस्त्यावर आले.

वडापची जीप आली तेव्हा आत चौदा माणसं होती. चौदांनी आणखी दोघांना जागा करून दिली. नाथाजी राहीबाईंच्या आणि एका पोत्याच्या मध्ये बसले. जीप निघाली. पुढच्या चढाला ड्रायव्हरनं क्लच नीट न दाबताच गिअर टाकला आणि खालून असा आवाज आला की चौघांनी पाय वर घेतले. राहीबाईंनी दचकून नवऱ्याकडं पाहिलं. आता हे ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

नाथाजींची मान पोत्यावर कलली होती. तोंड थोडं उघडं होतं. ते जत येईपर्यंत उठले नाहीत.