खर्चाला दोन बोटं मार्जिन

माझी ताई शिवणकाम करते, आणि तिच्याइतकी सावध बाई मी दुसरी पाहिलेली नाही. दाराला कुलूप लावते, ओढून बघते, जिना उतरते, परत वर येते आणि पुन्हा ओढून बघते. लोक ताक फुंकून पितात, ही साधं पाणीसुद्धा फुंकून पिईल. एकाच आईच्या पोटी जन्मून हा गुण सगळाच्या सगळा तिच्याकडे गेला. मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, फोन उचलते आणि घाबरलेल्या माणसांना "काही दुखत नाही हो" असं धडधडीत खोटं सांगते. माझा पगार महिन्याच्या मध्यावर कुठे गडप होतो ते मला आजवर कळलेलं नाही.

ताई कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या दुकानात लग्नाआधीपासून काम करते. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे काचेचं दार, मधे कापणीचं लांब टेबल, भिंतीला लागून मशीन. शाळेचे गणवेश, पँटींच्या चेनी, घट्ट झालेले कोट, ढगळ झालेले झगे, सगळं तिथे येतं आणि बरं होऊन जातं. मास्तर कडक माणूस. त्यांच्या टेबलाजवळची एकुलती एक खुर्ची फक्त गिऱ्हाइकासाठी. बाकीच्यांनी एकतर मशीनवर बसायचं, नाहीतर उभं राहायचं. त्या टेबलाजवळ ताई इतकी वर्षं उभीच राहिली.

घरात भावोजी आणि बटण. भावोजी पार्सलची गाडी चालवतात. बटण म्हणजे माझी भाची. ती रांगायची तेव्हा ताई तिला बटणांच्या ढिगात बसवून काम करायची, म्हणून हे नाव पडलं. आता ती नववीत आहे आणि कुणी चारचौघांत बटण म्हटलं की फणकारते. घरभाडं आणि शाळेची फी भावोजींच्या पगारातून जाते, बाकीचा सगळा गाडा ताईच्या कमाईवर चालतो.

ताई खर्चाचा हिशेब डोक्यात ठेवायची, त्यामुळे तिला झोप लागायची नाही. गेल्या वर्षी बटण वैतागली. "आई, डोकं रिकामं कर आणि ह्याच्यात भर," असं म्हणून तिनं ताईच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. उघडलं की एक गुलाबी डुक्कर समोर येतं. कमाई लिहायची, खर्च लिहायचा. खर्च आटोक्यात असला की डुक्कर हसतं. जास्त झाला की त्याचं तोंड पडतं. त्याहून जास्त झाला की पडदा लाल होतो आणि डुक्कर रडायला लागतं. टपटप दोन अश्रू, बिचारं.

ताईला कुणाचं रडणं बघवत नाही. आठवड्याभरात त्या डुकराचा घरात डुकरोबा झाला आणि त्याचा शब्द कायदा ठरला. भावोजी रस्त्यात चहा प्यायले की घरी येऊन आरोपीसारखे उभे राहायचे. "एकच घेतला गं. साधा." ताई लिहायची, डुकरोबाचं तोंड पडायचं, भावोजींचंही पडायचं. एकदा मला म्हणाले, "तुमच्या आई गेल्या तेव्हा वाटलं, आता आपल्याला बोलणारं कुणी राहिलं नाही. डुकरोबानं ती उणीव भरून काढली." माझीच आई ती, आणि हे मलाच सांगत होते! पण मी हसले, कारण खरंच होतं ते.

ताई मनापासून काटकसर करत होती. ताईनं नवीन चपला घेतल्या नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला होता तरी जुन्याच काचेतून सुईत दोरा ओवत राहिली. आणि तरी डुकरोबा महिना सरता सरता रडायचा. मी म्हणायचे, "ताई, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक, पण तू तर पाय पोटाशी घेऊन बसलीयेस." ती म्हणायची, "अंथरूणच तेवढं आहे, त्याला मी काय करू?"

मग गेल्या आठवड्यात मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि जाहीर केलं की त्यांना आता होत नाही. हात थरथरतो. मुलाकडे राहायला जायचं ठरलंय. दुकान चालू स्थितीत द्यायचं, मशीन आणि गिऱ्हाइकांसकट. पहिला मान ताईचा. आकडाही सांगितला त्यांनी, आणि आकडा वाजवी होता. ताई नाही म्हणाली तर शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा टपूनच होता. त्याला मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. एरवी ती दारातूनच बोलून जाते, पण तेव्हा आत येऊन बसली. म्हणाली, "मला हवंय गं ते दुकान." इतकंच. आमच्या ताईनं आयुष्यात 'मला हवंय' असं म्हटलेलं मला तरी आठवत नाही. ताटात शेवटचं काही उरलं तरी ती म्हणते, तू घे. मी म्हटलं, "मग घे ना! अडतंय कुठे?"

तिनं फोन पुढे केला. डुकरोबा लाल पडद्यावर टपटप रडत होता. शिल्लक म्हणून जो आकडा दिसत होता त्यात दुकानाचं काचेचं दार आलं असतं फार तर. माझ्याकडे तिला द्यायला काय होतं म्हणता? माझं मी वर सांगितलंच आहे. भावोजींच्या गाडीचे हप्ते चालू. कर्ज काढ म्हटलं तर ताई अशी दचकली की जणू मी तिला चोरी करायला सांगितलं.

आणि काल सकाळी बाई सरळ मास्तरांकडे गेली आणि नाही म्हणून आली. मला विचारलंसुद्धा नाही. मी फोनवर तिला इतकं बोलले की दवाखान्यातला दात धरून बसलेला माणूस उठून उभा राहिला. ती शांतपणे म्हणाली, "झालं ते झालं. संध्याकाळी भाजी आणायला येतेस का?"

गेले. राग होताच, पण भाजी मलाही हवी होती. ताईनं भाजीवालीकडून टोमॅटो घेतले, अडतीस झाले. फोन कोडसमोर धरला, अडतीस दिले. मग नेहमीप्रमाणे बाजूला उभी राहून तिनं डुकरोबा उघडला आणि लिहिलं: टोमॅटो, पन्नास.

मी म्हटलं, "ताई, अडतीस झाले."

"हो."

"तू पन्नास लिहिलेस."

"मग? मार्जिन नको सोडायला?"

ती मला लहान मुलीला समजवावं तसं समजावू लागली. "अगं, मापाला मापच कापड कोण कापतं? माणूस जाड होतो, शिवण चुकते. दोन बोटं आत सोडायचीच. मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हे. खर्चाचंही तसंच, आत थोडं धरून ठेवायचं."

"आणि... कमाई लिहितेस तेव्हा?"

"ती थोडी कमी लिहिते. कापड धुतलं की आटतं ना."

मला आधी हसू आलं. इतकं आलं की भाजीवालीनं काय झालं म्हणून विचारलं. आणि मग हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ताईचा दंड धरला. "ताई, बँकेत किती आहेत तुझ्या?"

"डुकरोबा सांगतो तेवढे."

"त्याला काय माहीत? तू जे लिहितेस तेच तो वाचून दाखवतो!"

ताईला हे खरंच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, डुकरोबा बँकेतच राहतो. बटणला वाटायचं, आईला हे ठाऊक असणारच. बँकेचं ॲप ताईच्या फोनमध्ये होतं, पण त्यात शिल्लक बघायच्या जागेला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. चुकून दुसरंच काही दाबलं आणि पैसे भलत्याला गेले तर? भाजीच्या गाड्याला टेकून मी तिला ते उघडायला लावलं. तिनं डोळे मिटून पिन दाबला, तोही दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आकडा आला.

मास्तरांच्या आकड्यापेक्षा जास्त होता. फार नाही, पण जास्त. भाजीवाली वाकून बघत होती, तीच आधी बोलली. "अगं बाई, आहेत की!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी तिथल्या तिथे नाचायच्या बेतात होते. ताई मात्र टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर मटकन बसली. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "मग बटणची सहल?"

थंडीत बटणच्या वर्गाची सहल समुद्रावर गेली होती. अख्खा वर्ग गेला. डुकरोबा लाल होता म्हणून ताई नाही म्हणाली होती. बटण तेव्हा म्हणाली होती, समुद्र काय पळून जातोय, आणि सहलीचे दिवस घरात बसून आईनं दुकानातून आणलेल्या झग्यांना हूक लावत राहिली होती. "पैसे होते गं," ताई म्हणाली. "होते आणि मी तिला नाही म्हणाले." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. उसवून पुन्हा शिवता येईल असं नव्हतं ते.

पण दुकान बंद व्हायची वेळ होत आली होती. मी तिला उठवलं, बटणला फोन करून दुकानावर यायला सांगितलं आणि ताईला अक्षरशः ओढत नेलं. टोमॅटो गाड्यावरच राहिले.

दुकानात कव्हरवाला होता. मधल्या भिंतीला टेप लावून मापं घेत होता. ताई दारातून आत आली ती थेट त्याच्याकडे. "तो टेप माझा आहे." त्यानं मुकाट्यानं दिला. ताईला एवढ्या मोठ्यानं बोलताना त्या खोलीनं कधी ऐकलं नसावं. मास्तर एका कोटाची बाही लावत होते, त्यांनीही मान वर केली.

"मास्तर, मी सकाळी नाही म्हणाले ते चुकून. पैसे आहेत."

"सकाळी नव्हते, आता कुठून आले?"

मग ताईनं सांगितलं. टोमॅटो, मार्जिन, आटणारं कापड, सगळं. मास्तर हसले ते खोकला लागेपर्यंत. डोळे पुसत म्हणाले, "मी कापडाचं शिकवलं होतं, टोमॅटोचं नव्हतं." मग गंभीर झाले. "पण ह्याला मी हो म्हणालोय सकाळी. शब्द दिलाय. विसार तेवढा ह्यानं दिलेला नाही."

"देतो ना, लगेच देतो," असं म्हणत कव्हरवाल्यानं फोन काढला. दाबलं, पुन्हा दाबलं. दुपारीच त्यानं मालाचे पैसे पाठवले होते. दिवसाची मर्यादा संपली होती. "उद्या सकाळी उघडल्या उघडल्या देतो मास्तर."

मास्तर म्हणाले, "शब्द रात्रीपुरताच दिला होता मी. दुकान बंद व्हायच्या आत ज्याचा विसार येईल, त्याचं दुकान."

तेवढ्यात बटण धापा टाकत आली. तिला मी वाटेत फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं आईच्या फोनवर पैसे पाठवायला मास्तरांचं नाव काढून दिलं, विसाराचा आकडा टाकून दिला आणि फोन आईच्या हातात ठेवला. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. खाली लिहून आलं, नक्की पाठवायचे? ताईचा अंगठा हवेतच थांबला.

"तू दाब," ती बटणला म्हणाली.

"नाही. दुकान तुझं, तू दाब."

ताईनं तिच्याकडे बघितलं. "तुला जायचं होतं ना गं सहलीला?"

बटण नेहमीचं काहीतरी बोलेल असं मला वाटलं, समुद्र पळून जात नाही वगैरे. पण ती म्हणाली, "हो. खूप जायचं होतं. रात्री रडले होते मी." आणि मग आईचा हात घट्ट धरून, "आता आधी हे दाब."

ताईनं दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. आम्ही तिघी त्या पडद्याकडे बघत होतो, कव्हरवालाही बघत होता. मग मास्तरांच्या खिशात टुंग वाजलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला आणि पुन्हा खिशात ठेवला. कव्हरवाला "बघू पुढच्या वेळी" म्हणून गेला. पुढची वेळ कसली, ते त्यालाच ठाऊक.

मास्तर उठले. काचेच्या दाराकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग हातातल्या कोटाकडे. ज्या माणसाला विचारल्याशिवाय ताईनं इतकी वर्षं दुकानात पंखासुद्धा लावला नव्हता, तो माणूस तिच्यासमोर कोट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मालकीणबाई, एवढी बाही लावून जाऊ का?"

ताईनं टेबलाजवळची गिऱ्हाइकाची खुर्ची पुढे ओढली, मास्तरांकडे एकदा बघून घेतलं आणि तिच्यावर बसली. "लावा की," ती म्हणाली. "दुसरीही लावून जा. मी थांबते."