नंदाची चारची बादली

देवव्रत सरांना उंटावरून शेळ्या हाकायची सवयच होती. ते बसत पवईला आणि दर्शना राहायची घाटकोपरच्या टेकडीवरल्या वस्तीत. रिक्षाने वीस मिनिटं. पण त्यांच्याकडची तिची इंटर्नशिप पडली रिमोट, घरबसल्या करायची, त्यामुळे तीन महिन्यांत सरांनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं. हवा तापली की वस्ती त्याला काय उत्तर देते, हा त्यांचा संशोधनाचा विषय. तापमान मोजायचं यंत्र त्यांनी कुरिअरने पाठवलं, ते दर्शनाने घराच्या पत्र्यावर बांधलं आणि त्याचे आकडे तपासून ती रोज धाडू लागली. एमएस्सीच्या प्रवेशाला सरांचं शिफारसपत्र हवं होतं, नाहीतर या गृहस्थाचं तिने एवढं ऐकून घेतलं नसतं.

मे महिन्यात रोज चारच्या सुमारास आकडा सहा अंशांनी धाडकन खाली यायचा. सर हरखले. संध्याकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हणाले, "वस्ती स्वतःला आपोआप थंड करते. निसर्गाचा फीडबॅक आहे हा."

तो निसर्ग दर्शनाच्या शेजारीच लसूण सोलत बसला होता. तिची आई नंदा धुण्याचं पाणी कधी वाया घालवत नसे. चारचा चहा ठेवण्याआधी शिडी लावायची आणि बादली पत्र्यावर ओतायची.

"सर, माझी आई पत्र्यावर पाणी मारते. म्हणून उतरतं ते."

"हे बघ दर्शना, घरगुती गोष्टी डेटात आणू नकोस. डेटा बोलतो, आपण ऐकायचं."

एवढी पुस्तकं वाचून माणूस इतका मठ्ठ कसा राहतो, याचंच तिला नवल वाटलं. तिने आईला तीन दिवस पाणी मारू नकोस म्हणून सांगितलं.

"का गं? पाण्याने काय वाट लावली तुझी?"

"सरांना दाखवायचंय."

नंदाने तीन दिवस डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत काढले. तीनही दिवस चार वाजता आकडा जागचा हलला नाही. दर्शनाने तो आलेख मोठ्या आशेने पाठवला.

सरांचं उत्तर आलं, 'यंत्र बिघडलेलं दिसतंय. ते तीन दिवस काढून टाक. रिपोर्ट आला की पत्र देतो.'

तिला त्यांची कीव आली नाही, किळस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रिपोर्ट पाठवला. तीनही दिवस तसेच ठेवले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नंदाने पाणी मारलं नाही.' दुपारी सरांचा एका ओळीचा मेसेज आला. 'पत्राची व्यवस्था दुसरीकडे कर.'

चार वाजले. नंदा बादली घेऊन दारात उभी होती.

"कळलं का तुझ्या सरांना?"

"नाही गं."

"मग सरक," म्हणत तिने शिडी लावली.