दोन माणसांची गाडी

कर्जतच्या भातगिरणीत मी पुढे पंचवीस वर्षं मिस्त्री म्हणून मिरवलो. ती जागा मला माझ्या हुशारीने मिळाली, असं लोक समजतात. निवृत्तीच्या दिवशी तसं भाषणही झालं. मी हार घालून घेतला, पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. आता वय झालंय, खोटं सांभाळायचाही कंटाळा येतो, म्हणून लिहितो.

माझ्या आधीचे मिस्त्री म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायचो. गिरणीत मी तेलपाण्याला लागलो तेव्हा माझं मागेपुढे कुणी नव्हतं. मामांनी मला इंजिन शिकवलं, मग मुलगी दिली आणि गिरणीच्या आवारातल्या आपल्या दोन खोल्यांत ठेवूनही घेतलं. लोक घरजावई म्हणून चिडवायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

गिरणीच्या शेठचा मुलगा, सगळे त्याला धाकटे शेठ म्हणायचे, मुंबईला असायचा. जर्मनीच्या लढाईच्या आधी त्याने एक विलायती शर्यतीची गाडी आणली. रंग गडद हिरवा, तोंड लांबलचक, चाकांना सायकलसारख्या तारा आणि बसायला जागा फक्त दोन माणसांना. दर शनिवारी ती घेऊन स्वारी माथेरानला निघायची. माथेरानला गाडी चढत नाही, नेरळला सोडून पुढे घोड्यावर बसावं लागतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. तरी नेरळपर्यंत जायला शर्यतीची गाडी. श्रीमंताचं डोकं आपल्याला कळत नाही, ते एका परीने बरंच आहे.

लढाई सुरू झाली, पेट्रोलला कुपनं आली आणि मोटारी जागच्या जागी बसल्या. धाकट्या शेठनी ही गाडी आमच्या गिरणीत आणली. तूस भरायच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर ती चढवली, वर ताडपत्री टाकली. जाताना मामांना म्हणाले, "मिस्त्री, गंज चढू देऊ नका. मी येईन तेव्हा पहिल्या हँडलला सुरू झाली पाहिजे."

मामांनी ते शब्द मनावर घेतले. अमावास्येला गिरणी बंद असायची, इंजिन पुसायचं, तेल बदलायचं. ते झालं की मामा शेडमध्ये जायचे, गाडीचे चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात एक पळी तेल सोडायचे आणि पुढचं हँडल सावकाश दोन फेरे फिरवायचे. मग तेलाच्याच फडक्याने ते हँडल पुसायचे. पहिल्या वर्षी इंजिनाचं तेल होतं. पुढे ते गिरणीलाच पुरेना. तेव्हा मामांनी करंजेल सुरू केलं. ठाकरवाडीतल्या बाया करंजाच्या बिया आणून विकायच्या, त्याचं घाण्यावर तेल काढायचं. आमच्याकडे ते दिव्याला जायचं, खरजेला लागायचं, बैलगाडीच्या आसाला घालायचे. मामा म्हणायचे, "आस वर्सानुवर्सं गंजत नाय, मंग ही का गंजंल? फकस्त फिरवत र्‍हायचं. फिरवलं नाय तर ह्ये तेल धरून बसतं."

शेवटचं वाक्य मला पाठ होतं. मी ते मुद्दाम इथे लिहितोय.

लढाईच्या शेवटच्या वर्षात मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. इंजिन ते आवाजावर चालवायचे, ते त्यांना डोळे मिटूनही जमलं असतं. पण शेडमधल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात प्लग काढणं जमेना. दिवाळीनंतर त्यांनी ते काम मला सांगितलं. पहिल्या अमावास्येला मी गेलो. चारी भोकांत तेल घातलं, चांगलं पळी पळीभर, हँडल फिरवलं. दुसऱ्या अमावास्येला तेल घातलं आणि हँडल फिरवायचा आळस केला, कारण बाहेर मित्र गळ घेऊन उभे होते आणि उल्हास नदीला मासा लागला होता. तिसऱ्या अमावास्येला शेडमध्ये गेलोच नाही. त्यानंतर वर्षभर नाही. संध्याकाळी मामा विचारायचे, "हँडल फिरवलं ना?" मी मासे साफ करता करता म्हणायचो, "फिरवलं." सुटीच्या दिवशी दुसऱ्याच्या बंद गाडीची चाकरी कोण करतो, असं मला वाटायचं. अजूनही कधीकधी तसंच वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात धाकट्या शेठचं पत्र आलं. खंडाळ्याला कुणा दोस्ताला गाडी दाखवायची आहे, तीन आठवड्यांत तयार ठेवा. त्या शनिवारी ते स्वतः आले. मी ताडपत्री ओढली. तुसाचा एवढा धुरळा उडाला की शेठ खोकत बाहेर पळाले. ते बाहेर होते तेवढ्यात मामा चाचपडत गाडीच्या तोंडाशी गेले, वाकले आणि हँडलवर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग हात धोतराला पुसून बाजूला झाले. मला वाटलं, धूळ पुसली.

शेठनी येऊन हँडल मारलं, ते तसूभर हललं नाही. मी मारलं. दोघांनी मिळून मारलं. गाडी ठोकळ्यांवर डुलली, पण आत काही फिरेना. शेठ म्हणाले, "हीच का तुमची राखण, मिस्त्री?" मामा म्हणाले, "बगतो, धाकटे शेठ. आठ दिस द्या."

आठ दिवस मी रॉकेल ओतत बसलो. कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीने घर केलं होतं, ते खरवडलं. ठिणगी देणारा मॅग्नेटो उन्हात वाळवला. शेवटी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं आणि बघितलं तर चारही पिस्टनांवर तपकिरी, चिवट थर. देवळातल्या समईच्या बुडाशी जमतो ना, तसा. नखाने निघेना. वर्षभर न फिरवलेलं करंजेल धरून बसलं होतं. मामांनी सांगितलं होतं तसंच.

दुसऱ्या शनिवारी शेठ डोकावून बघत होते, त्यांचे बूट चकचकीत होते आणि मामा दाराशी काठी धरून उभे होते. शेठनी विचारलं, "हे काय आहे?"

आता हे सांगायला दोन रस्ते होते. मी म्हणालो, "करंजेल. मामांनी घातलंय."

शेठ मोठ्याने हसले. "गाडी आहे की समई? मिस्त्री, अहो, इंजिनात दिव्याचं तेल?"

मी मामांकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, हँडल कुणी फिरवायचं होतं ते विचारा त्याला. ते म्हणाले, "चूक माजी हाय, शेठ." आणि मग माझ्याकडे तोंड करून, "गिरणीच्या इंजिनाचं उकळतं पाणी काडा आनि हिच्या पाण्याच्या टाकीत घाला. निवलं की परत घाला. आतून तापलं की तेल सोडील."

लग्नाआधी ते मला तू म्हणायचे, नंतर जावई म्हणून तुमी म्हणू लागले होते. त्या दिवशी तो मान मला फार टोचला.

मी बादल्या वाहिल्या. दुपारनंतर हँडल बोटभर हललं, मग चार बोटं, मग पुरा फेरा. तो थर मी रॉकेलने धुऊन काढला तेव्हा त्याखालचं लोखंड दिसलं. ते आरशासारखं लखलखीत होतं. गाडीचा बाकी प्रत्येक उघडा तुकडा गंजला होता, बॉनेटचे खिळे, आरसे धरणाऱ्या पट्ट्या, सगळं. जिथे करंजेल होतं तिथे चार पावसाळ्यांत गंजाचा ठिपका नव्हता. म्हणजे मामांच्या तेलाने ती गाडी वाचवली होती. मी बिघडवली होती. हे एक वाक्य शेठना सांगायला काय लागलं असतं? पण शेठचा हात माझ्या पाठीवर होता आणि ते म्हणत होते, "तुझ्यासारखा माणूस इथे कुजतोय." मी ते लोखंड बघितलं आणि त्यावर हेड बसवून बोल्ट आवळले.

तिसऱ्या शनिवारी कुपनाचं पेट्रोल आलं. दुसऱ्या हँडलला गाडी सुरू झाली. मागच्या नळीतून करंजेलाचा कडू धूर निघाला, शेडभर पसरला. गिरणीतली माणसं हातातलं सोडून बघायला आली. शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं, मिस्त्रींनी आता आराम करावा, वय झालं. आजपासून मिस्त्री मी आणि खोल्याही माझ्या नावावर. त्यांना वाटलं ते उपकार करतायत. सासऱ्याची खोली जावयाला, घरातल्या घरात, बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं, की आतापर्यंत मी मामांच्या घरी खात होतो. त्या क्षणापासून मामा लेकीच्या घरी खाणार होते. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून येतो, राहायला येत नाही. रात्रीचं जेवण ते जेवले नाहीत, पोट भरलंय म्हणाले. सकाळी पत्र्याची पेटी बांधली. खालापूरच्या पुढे त्यांच्या पुतण्याचं घर होतं. बायको रडली, मी "मामा, असं काय करता" वगैरे म्हणालो. म्हणणं भाग होतं म्हणून म्हणालो. ते बैलगाडीत बसले आणि गेले.

त्याच दुपारी शेठ मला म्हणाले, "चल, बस. खंडाळ्यापर्यंत जाऊ, घाटात काही झालं तर तू बरोबर हवास." मी बसलो. त्या गाडीत बसायची मला पाच वर्षांची हौस होती. चौक गावाला पुण्याचा रस्ता लागला, शेठनी गाडी वेगात सोडली, वारा तोंडावर बसायला लागला आणि खालापूरच्या अलीकडे पुढे एक बैलगाडी दिसली. पेटीवर टेकून मामा बसले होते. शेठनी भोंगा वाजवला, बैल बुजले, गाडीवानाने गाडी कडेला घेतली. आम्ही पुढे गेलो. मी मागे वळून बघितलं नाही. धुरळा किती उडाला असेल ते मला न बघता माहीत आहे.

आठ दिवसांनी तो गाडीवान बाजारात भेटला. म्हणाला, "म्हाताऱ्यानं गाडी उभी करायला लावली. तुमच्या मोटारीचा आवाज पार जाईस्तोवर कान लावून बसला. आनि म्हनतो, तिसरा जरा मागं पडतोय, त्याला सांग प्लग बदल म्हनावं." तिसरा पिस्टन खरंच मागे पडत होता. पण तोवर खंडाळ्याच्या दोस्ताला गाडी पसंत पडली होती आणि शेठ ती त्याला देऊन मोकळे झाले होते. ती हिरवी गाडी मी पुन्हा कधी पाहिली नाही.

मामा दोन वर्षांनी गेले. त्या दोन वर्षांत ते आमच्याकडे दोनदा आले, दोन्ही वेळा पाहुण्यासारखे, हातात खाऊची पुडी घेऊन. करंजेलाची गोष्ट गिरणीत तोपर्यंत चेष्टेची झाली होती. कुणाचं यंत्र अडलं की म्हणायचे, मिस्त्रीचं करंजेल घातलं का रे? मामांच्या समोरही म्हणायचे. मामा हसायचे. मीही हसायचो.

दिवस झाल्यावर पुतण्याने पेटी आमच्याकडे पाठवली. बायकोने ती उघडली. दोन सदरे, नटबोल्टाचे पाने, हातोडी, आणि तळाशी एक धुतलेलं धोतर, त्यावर मांडीच्या जागी गंजाचा तांबडा डाग. चार बोटं आणि तळवा स्पष्ट दिसत होता.

मी म्हणालो, "हे कसलं गं?"

ती म्हणाली, "हँडलचं. शेठ पयल्यांदा आलं तवाचं. लिंबू लावलं, मीठ लावलं, जाईना. बा म्हनाला, राहू दे."

तेलाच्या फडक्याने पुसलेलं हँडल गंजत नाही. ज्या हाताने ते तीन वर्षं पुसलं, त्या हाताला एका क्षणात कळलं होतं. हेड उघडायच्या आठ दिवस आधी त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते दाराशी उभे असताना मी त्यांचं नाव घेतलं तेव्हाही.

"त्यांनी तुला सांगितलं?"

"त्याच सांजंला. म्हनाला, जावयाला बोलू नको, त्याची भाकर जाईल."

"मग तू दोन वर्षं गप्प राहिलीस?"

तिने धोतराची घडी घातली, डाग आत गेला. "तुमी सांगाल म्हनून वाट बगत व्हते," ती म्हणाली आणि पेटी लावून चुलीकडे गेली.