सत्त्याण्णवनं केलेला घात

शाहूपुरीत गाड्यांना नंबरप्लेट बसवणाऱ्या त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्यालाही माझं माहीत नाही. दिसलो की ओरडतो, “काय नव्याण्णव एक्क्याण्णव, जेवलासा का?” तो माझ्या गाडीचा नंबर.

प्लेटा हल्ली तयारच येतात, याला त्या फक्त बसवायच्या असतात. पण नंबर मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून त्याला कुणी भागतं का, हे तपासल्याशिवाय हा हत्याराला हात लावत नाही.

माझ्या वेळी त्यानं भिंतीवर खडूनं भागाकार मांडले. “सातानं न्हाय. अकरानं न्हाय.” मागं खोळंबलेली लाईनही ओरडायला लागली, “एकोणनव्वदानं न्हाय!” माझी छाती उगाचच फुगली.

“आता सत्त्याण्णव तेवढा ऱ्हायला, पावणं. शंभराच्या फुडं बघायची गरजच न्हाय.”

सत्त्याण्णवनं भाग गेला. बरोब्बर एकशेतीन वेळा.

मागच्या दूधवाल्यानं इंजिन बंद केलं. यानं टोपी काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “शेवटाला घात झाला बघा.”

मला खरंच वाईट वाटलं, आणि त्याचाच राग आला. तिरमिरीत मी त्याच्या मोपेडच्या प्लेटवर कायम असणारं फडकं उचललं. ५०४०. दोनापासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो.

त्यानं झटकन फडकं ओढून घेतलं.

“पावणं,” तो पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, “लायनीत कुणाला सांगू नगासा.”