पायरीवरच्या चपला

फिरून आल्यावर मी माझ्या बायकोच्या, शालनच्या पायातले बर्फात घालायचे बूट ओढून काढले, ते आमचं शेवटचं एकत्र काम. चार दिवसांनी ती गेली. आज इथे अमेरिकेत, नोव्हायला, मुलाच्या घरी, तिचं तेरावं. दारात लोकांच्या बुटांचा ढीग पडला, ओल्या चामड्याचा वास आला आणि मला ते चर्च आठवलं.

आफ्रिकेत मी साखर कारखान्यात फिटर होतो. तिथे यादवी पेटली तेव्हा आम्ही पाच बिऱ्हाडं गावातल्या चर्चमध्ये लपलो. देवाची जागा, म्हणून सवयीने चपला बाहेर पायरीवर काढल्या. लांबून सैनिकांच्या ट्रकांचा आवाज आला तसा पाद्री घाबरून म्हणाला, "त्या चपला बघून ते आत येतील!"

शालन उठली. मी तिचा पदर धरला. "गप बस, मरशील."

"तुम्ही बसा हात जोडून," म्हणाली, आणि सगळ्यांच्या चपला ओटीत भरून आत घेऊन आली. ट्रक न थांबता निघून गेले.

तेव्हा मी तिच्यावर दिवसभर चिडलो होतो. खरं तर मी भ्यालो होतो, हे आता लिहितो.

तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातली आणखी बिऱ्हाडं चर्चमध्ये आसऱ्याला आली. शालनला आत बसवलं, मी दारात उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या चपला माझ्या हाताने आत नेल्या.