न चढणारं हिमोग्लोबिन

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस गेले आणि पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिन आठ पॉइंट सात आलं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी त्या न चुकता घेतल्या, वर खजूर, बीट, काळे मनुके. पुन्हा रक्त तपासलं तर आकडा तिथेच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गोळ्या बेसिनात टाकत असणार ही. न्हाईतर रक्त चढायला काय धाड भरलीया?"

मी गडहिंग्लजकडची मुलगी, शाहूपुरीत मोटारपंपांचं दुकान असलेल्या घरात दिलेली. आमच्याकडे लहानपणीच गळ्यात लिंग येतं. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं, ही सवय माहेरहून आलेली. त्या दिवसांत मात्र नजर लिंगावर ठरायची नाही, तळहातावर घसरायची. हात चुन्यासारखा पांढरा दिसायचा. मनात यायचं, इतकी वर्षं तुला या हातावर धरलं, तुला एवढंही दिसत नाही का? पूजेत गाऱ्हाणं करू नये असं अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं होतं. मी करत होते.

श्रावणी सोमवारी आम्ही मठात गेलो. प्रसादाच्या रांगेत मला घेरी आली म्हणून मी ओवरीत भिंतीला टेकून बसले. शेजारी एक बाई आपल्या मुलीला प्रसादाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, भरवत होती. तिनं मला पाणी दिलं, कितवा महिना ते विचारलं. तिसरा म्हटल्यावर तिनं लगेच हिमोग्लोबिन किती ते विचारलं. मी मोबाइलमध्ये काढलेला रिपोर्टचा फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"हिमोग्लोबिनचा आकडा सगळी बघतात," ती म्हणाली. "खाली एमसीव्ही लिहिलंय बघा. तांबड्या पेशीचा आकार. ऐंशीच्या आसपास तरी पाहिजे, तुमचा एकसष्ट हाय. खरं पेशी मोजल्यात तर कमी न्हाईत, उलट जास्तच हाईत. गोळ्या खाऊनबी चढत न्हाई म्हणजे लोह कमी नसंल. थॅलेसेमियाच्या वाहक असाल तुम्ही. त्यानं तुम्हाला काय होत न्हाई. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघायची तपासणी असत्या, ती मागून घ्या." मग ती मुलीकडं बघत म्हणाली, "आणि तुमच्या मालकांचीबी करा. दोघंबी वाहक निघाली तर बाळाला भोगावं लागतंय. मला हे कुणी सांगितलं न्हवतं."

मुलीच्या हाताच्या पाठीवर सुईची जागा झाकणारी चिकटपट्टी होती. ती शांतपणे हुग्गी खात होती. मला गहिवरून आलं. देवानं ऐकलं, असं वाटलं. मी त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी लगेच तपासणी लिहून दिली. गोळ्यांनी फरक पडला नाही म्हणून त्या तेच सांगणार होत्या. मी वाहक निघाले. त्या म्हणाल्या, "यात घाबरण्यासारखं काही नाही, कुठल्याही घरात हे सापडतं. पण यजमानांचं रक्त लवकर तपासा. तेही वाहक असले तर पोटातल्या बाळाची तपासणी करावी लागेल, आणि तिला मुदत असते."

घरी सांगितलं तेव्हा आत्याबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "खोट तुझ्यात निघाली न्हवं? मग तुझ्यापाशी ठेव. आमच्या घराण्याच्या रक्तात खोट काढाया निघालीस व्हय?"

मी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "बघूया."

ते बघूया गणपतीत गेलं, नवरात्रात गेलं. मी रडले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. अण्णा गडहिंग्लजहून आले आणि जावयापुढं हात जोडून उभे राहिले. त्यांना चहा मिळाला आणि तेच उत्तर मिळालं. सुई टोचायला लागतो तेवढा वेळ त्या घरात कुणापाशी नव्हता. मुदत टळली. मला सर्वांत जास्त राग देवाचा आला. सांगणारी पाठवलीस, मग यांना ऐकायला लावणारं कुणी का पाठवलं नाहीस?

मुलगा झाला. गुटगुटीत, गुलाबी. आत्याबाईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "काय झालं गं? उगाच जिवाला घोर लावलास आमच्या." मी हसले. त्या खऱ्या ठराव्यात असं मलाही वाटत होतंच.

सहाव्या महिन्याच्या सुमाराला तो दूध तोंडात धरून झोपू लागला. ओठांचा रंग उतरला. आत्याबाई दृष्ट काढायला मीठमिरच्या घेऊन आल्या. मी त्यांच्या समोरून बाळाला उचललं, रिक्षा केली आणि मुलांच्या डॉक्टरांना दारातच सांगितलं, "मी थॅलेसेमियाची वाहक आहे. नवऱ्याचं रक्त तपासलेलं नाही." बाळाचं हिमोग्लोबिन पाच पॉइंट दोन होतं. डॉक्टर म्हणाले, "अशी मुलं महिनोन्‌महिने टॉनिक पीत राहतात. कळतं तोवर त्यांचं हृदय थकलेलं असतं. तुम्ही वेळेत आणलंत."

त्या दिवशी यांनी न सांगता बाही वर केली. तेही वाहक निघाले. दवाखान्याच्या जिन्यात ते माझ्याशी काहीतरी बोलायला थांबले. मी बाळाला घेऊन पुढं गेले.

पहिल्यांदा रक्त चढवलं तेव्हा आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. थेंब पडताना बघत त्यांनी नर्सला विचारलं, "कुणाचं हाय हे?"

"नाव नसतंय आज्जी. गट जुळला की झालं."

त्या स्टुलावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठल्या नाहीत. ते रक्त शिरोलीच्या कारखान्यातल्या कामगाराचं असेल, नाहीतर बावड्यातल्या कुणा कॉलेजच्या मुलीचं. त्यानं आमच्या घराण्याची चौकशी केलेली नव्हती. उन्हं कलली तसा बाळाच्या ओठांवर रंग आला आणि तो दुधासाठी रडू लागला. इतकं चांगलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

बाळाचं निदान झाल्यापासून मी पूजा सोडली होती. लिंग गळ्यात होतं, पण हातावर घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या खाटेवरच ते पुन्हा हातावर घेतलं. काही मागितलं नाही. ओवरीतल्या त्या बाईचं बोलणं वाया गेलं असं मी धरून चालले होते. मला ते ज्या कामासाठी हवं होतं, त्या कामाला ते आलं नाही. पण माझं मूल दृष्ट काढण्यात आणि टॉनिकात मेलं नाही, ते तिच्यामुळं. ही कृपा म्हणायची की योगायोग, हा वाद मी घालत नाही. ती भेटली, एवढं मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी रोज डोकं टेकते.

मुलगा आता बालवाडीत जातो. साधारण तीन आठवड्यांनी त्याला रक्त लागतं. त्याआधी हिमोग्लोबिन नऊच्या खाली उतरू द्यायचं नाही, एवढंच आमच्या हातात. पाहुण्यांना आत्याबाई अजूनही सांगतात, दुखणं आईकडनं आलं. हे ते ऐकून घेतात आणि दुकानाला निघून जातात. लोक मला विचारतात, विसरलीस का ते सगळं? मी विसरलेले नाही. माफ करणंही मला जमलेलं नाही. जमेल असं वाटत नाही. जे माझ्याच्यानं होत नाही ते मी देवावर सोडलंय.