आकारामची म्हैस फाटकात

बुधवार, ११ डिसेंबर २०२४. थंडी बरी आहे. गॅसचा सिलिंडर आला. आकाराम सकाळी म्हैस घेऊन आला.

आकाराम उचगावचा. शाहूपुरीतल्या आमच्या इमारतीत बत्तीस वर्षं दूध घालतो. आधी सायकल होती, आता मोटरसायकल, माणूस तोच. माप भरलं की वर थोडी धार सोडतो, आणि बोलतो इतक्या मोठ्यानं, की मला गजर लावावा लागत नाही.

सोमवारी वरच्या मजल्यावरच्या नव्या सूनबाई मोना यांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, दुधात पाणी असतं, व्हेरिफाय करा, नाहीतर दूधवाला बदलू. काल आकाराम माझ्या दारात आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. किटली हातातच.

"आक्का, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. व्हेरिफाय म्हंजे काय वो?"

शाळेत सिस्टरनी फळ्यावर लिहून दिलं होतं, ते सांगितलं. मूळ लॅटिन. वेरुस म्हणजे खरं, फाकेरे म्हणजे करणं. फ्रेंचांकडून इंग्रजांकडं आलं. खरं आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, ते करून दाखवायचं.

"मग डोळ्यांदेखत पिळतो की! बाप माझा गंगावेशीत म्हस उभी करून गिऱ्हाइकाम्होरं असंच पिळायचा. त्याला कधी पाण्याचा डाग लागला न्हाई. मला लागला तर गावात तोंड कुठं दाखवू?"

म्हणून आज म्हैस. सात वाजता निम्मी इमारत फाटकात जमली. मोना घरून पातेलं घेऊन आली. आकारामनं ते हातात घेतलं, आत डोकावला आणि ओरडला, "सूनबाई, ह्यात आधीच पेलाभर पाणी हाय की!"

"ते दूध तळाला लागू नये म्हणून. रोजच घालते. मोबाइलवर सांगितलंय."

"आवो, तळ भिजंल एवढंच घालायचं असतंय! आन् नाव माझ्या म्हशीचं व्हय?"

सगळे हसले. मोना लाजली, मग तीही हसली. तिथंच उभं राहून तिनं ग्रुपवर लिहिलं, पाणी माझंच होतं, आकाराममामा, चुकले. आकारामनं पातेलं उपडं केलं, म्हशीखाली बसला आणि फेसानं काठोकाठ भरून दिलं. वर थोडी धार सोडलीच.

संध्याकाळी मोनाकडून वाटीभर बासुंदी आली. जायफळ जास्त पडलं आहे.